मदत हवी आहे: फणसाच्या ९ इंची फळ्या घरीच चिरायच्यात, बँडसॉ कोणता घेऊ?

नमस्कार मंडळी,

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा दापोलीच्या आमच्या घरामागचा फणस मुळासकट आडवा झाला. कापा फणस, आजोबांनी लावलेला. बाबांनी तो सरपणाला द्यायला साफ नकार दिला आणि आरागिरणीत नेऊन ३ इंच जाडीच्या फळ्या पाडून घेतल्या. मधे पट्ट्या घालून त्या पडवीत रचल्या. इंचाला एक वर्ष असा सुकण्याचा हिशोब धरला, तर त्या कधीच तयार झाल्यात. आता बाबांना त्यातून देव्हारा हवाय आणि बहिणीला कपाटाची दारं. मला काय हवंय ते कुणी विचारलेलं नाही, पण काम मीच करणार आहे.

फळ्या पुण्यात आणल्यात. रो-हाउसच्या मागे ९ बाय १२ फुटांची पत्र्याची शेड आहे, लाइट सिंगल फेज. फळी साधारण ९ इंच रुंद, ४ फूट लांब. दोन्ही बाजूंनी रंधा मारला की जाडी ७० मि.मी.च्या आसपास उरते. ती उभी धरून, म्हणजे ९ इंच उंचीतून, तिच्या पाच पातळ फळ्या काढायच्यात.

१० इंची टेबल सॉ आहे. पातं जेमतेम ३ इंच वर येतं, उलटून दोन्हीकडून काप घेतला तरी ६ इंच होतात आणि मधले ३ इंच हातकरवतीने. एक काप तसा केला. दुसरा केला नाही. शिवाय ते पातं दर कापाला ३ मि.मी. खातं. पाच फळ्यांना चार काप, म्हणजे १२ मि.मी.; देव्हाऱ्याची एक अख्खी फळी भुशात! बँडसॉ (दोन चाकांवरून फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याची करवत) एका कापाला मिलिमीटर-सव्वा मिलिमीटरच खातो, म्हणून त्याच्या मागे लागलोय.

इथल्या दोन गिरण्यांत विचारून झालं. एकाने "चार फुटी माल नाही घेत" म्हणून वाटेला लावलं. दुसरा तयार होता, पण अर्ध्या इंचाच्या खाली पाडून देणार नाही म्हणाला.

आता माझा मूर्खपणा. गेल्या दिवाळीत हौसेने टेबलावर ठेवायचा छोटा बँडसॉ सेकंडहँड घेतला. ९ इंची चाकं, ३५० वॉटची मोटर. साडेचार इंच रुंदीचा तुकडा लावून बघितला. वरून बघत होतो, पातं रेघेवरून अगदी नाकासमोर चाललेलं. बाहेर काढून बघतो तर मधे पोट! वरच्या आणि खालच्या कडेला दोन्ही अर्धे १२ मि.मी., मधे मात्र एक १६ आणि दुसरा ८. फणसाचा भुसा हळदीसारखा पिवळा पडतो, तो तपकिरी पडायला लागला, वास जळका यायला लागला, तेव्हा बटण बंद केलं. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे "लाकूड खराब असेल". आजोबांच्या फणसाला खराब म्हणाला!

समोर तीन पर्याय आहेत.

नवीन १४ इंची (म्हणजे चाकांचं माप) बिडाचं मशीन, १ एचपी, सिंगल फेज. दुकानदार म्हणतो ६ इंच उंचीचं लाकूड जाईल, फ्रेम उंच करणारा ठोकळा वेगळा घेतला तर १२.

दुसरं लोखंडी पत्र्याच्या फ्रेमचं, तेही १४ इंची. मुळातच ११ इंच उंची, २ एचपी. पण किंमत माझ्या ६० हजारांच्या बजेटच्या बरीच वर जाते.

तिसरं म्हणजे भोसरीत बंद पडलेल्या एका फर्निचर वर्कशॉपमधलं जुनं १८ इंची धूड. स्वस्तात देतोय, पण मोटर थ्री फेज आणि वजन बघून माझी पाठ आत्ताच दुखतेय.

प्रश्न असा की पोट येतं ते मशीन छोटं म्हणून, की माझं काही चुकतंय? एवढे पैसे घालून पुन्हा केळ्यासारख्या वाकड्या फळ्या नकोत.

प्रतिसाद: चारसूत

पोटाचा दोष आधी पात्याचा, मग मशीनचा. पात्याचे दात मोजा. लहान मशीनवर बहुतेक वेळा इंचाला १० ते १४ दातांचं पातं चढवलेलं असतं. प्लाय कापायला ते ठीक. जाड लाकडात दातांमधल्या खाचा भुशाने भरतात, तो भुसा काप सोडून बाहेर पडेपर्यंत पुढचं लाकूड कापायला जागाच उरत नाही. मग पातं तापतं, ढिलं पडतं आणि मधल्या मधे बाजूला सरकतं. वरून तुम्हाला सरळच दिसणार, कारण तिथे गाइडने (पात्याला दोन्ही बाजूंनी आधार देणाऱ्या भागाने) धरलेलं असतं.

९ इंचांसाठी इंचाला ३ दात, रुंदी अर्धा इंच. दुकानदार पाऊण इंची गळ्यात मारेल. १४ इंची बिडाच्या मशीनवर ते चढतं, पण नीट ताणायला जेवढा जोर लागतो तेवढा ती फ्रेम देत नाही. ढिल्या पाऊण इंचीपेक्षा ताणलेलं अर्धा इंची कधीही सरळ जातं.

पहिला पर्याय घेतलात तर ठोकळा त्याच वेळी घ्या, नंतर त्याच मापाचा मिळेलच असं नाही. आणि पात्याची लांबी बदलते हे विसरू नका: नेहमीच्या १४ इंचीला ९३½ इंच, ठोकळ्यासह १०५. वाळलेल्या ९ इंची फणसाला १ एचपी रडतखडत चालेल. दीड तरी हवी.

प्रतिसाद: भुसावळकर (भुशावरून, गावावरून नव्हे)

मी भोसरीवालं घेईन. थ्री फेज मोटरला घाबरू नका, सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी (सिंगल फेजमधून थ्री फेज तयार करून मोटरला देणारं यंत्र) मिळतो. फक्त मोटरच्या डब्याचं झाकण उघडून आत वायंडिंगच्या तारांची सहा टोकं आहेत का ते बघा. ४१५ व्होल्टला स्टारमध्ये जोडलेली असेल तर ती डेल्टात (स्टार आणि डेल्टा म्हणजे ती टोकं जोडायच्या दोन पद्धती) बदलावी लागते, कारण असा व्हीएफडी २३० व्होल्टच देतो. तीनच टोकं बाहेर असतील तर आधी वायंडिंगवाल्याला दाखवा.

बघायला जाल तेव्हा पातं उतरवून चाकं हाताने फिरवा. खरखर आली तर बेअरिंग गेलं. चाकावरच्या रबराला नख लावा, तडे असतील तर तेवढे पैसे कमी करून मागा. आणि दोन्ही चाकांवर सरळ पट्टी लावून ती एका रेषेत आहेत का तेही बघा.

धागाकर्ता:

चारसूत, दात मोजले. १४ निघाले! पातं जोडून देणाऱ्याकडून छोट्या मशीनच्या मापाचं, इंचाला ४ दातांचं, तीन सूत (३/८ इंच) रुंद पातं वेल्डिंग करून आणलं. तोच साडेचार इंची तुकडा, मोटर तीच, फक्त लाकूड हळू ढकललं. पोट मिलिमीटरच्या आत आलं आणि भुसा शेवटपर्यंत पिवळा.

९ इंच त्यावर जाणार नाहीतच, त्यामुळे रविवारी टेस्टर आणि पट्टी घेऊन भोसरीला जातोय. भुसावळकर, मोटरच्या पाटीचा फोटो इथे टाकतो, तेवढा बघाल का? आणि ते धूड टेम्पोतून उतरवून शेडपर्यंत न्यायला माणसं किती सांगू, चार पुरतील?