सुपरडेलिगेट म्हणजे पक्षाची अक्कल? काहीही हं!

एडिसनकर: निवांतरावांनी काल लिहिलं, "मतदार वाहवत जातात, सुपरडेलिगेट ही पक्षाची अक्कल." डोकं फिरलं म्हणून लिहितोय. अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्ष अध्यक्षपदाचा उमेदवार राज्यवार मतदानाने ठरवतो, मतांच्या प्रमाणात अधिवेशनातले प्रतिनिधी म्हणजे डेलिगेट मिळतात; सुपरडेलिगेट म्हणजे मतदारांनी न निवडलेले, पदामुळे आलेले पक्षाचे पुढारी. २०१६ला न्यू हॅम्पशायरमध्ये बर्नी सँडर्सना ६० टक्के मतं, हिलरी क्लिंटनना ३८. डेलिगेट १५-९. मग सहा सुपरडेलिगेट हिलरींच्या पारड्यात आणि टोटल काय, तर १५-१५! कॅलिफोर्नियाच्या मतदानाच्या आदल्या संध्याकाळी एपी वृत्तसंस्थेने हे सुपरडेलिगेट धरूनच हिलरींची उमेदवारी पक्की म्हणून जाहीर केलं. लेक तिकडे कॉलेजात होती, पहिलंच मतदान, तिचा फोन, "बाबा, आता जाऊ कशाला?" काय सांगणार होतो?

निवांत: मतांत हिलरी ३० लाखांहून जास्त पुढे होत्या, सुपरडेलिगेट वगळले तरी सँडर्स हरलेच असते, हे लेकीला सांगायचं होतंत. १९७२ला कार्यकर्त्यांनी मॅकगव्हर्नना डोक्यावर घेऊन उमेदवार केलं आणि अध्यक्षपदाच्या निवडणुकीत पन्नासपैकी ४९ राज्यं गेली, म्हणून तर १९८२ला पक्षाच्या हंट कमिशनने सुपरडेलिगेटची सोय केली.

चकलीताई: तिकडे महाराष्ट्रात महापालिकेत स्वीकृत नगरसेवक असतात, त्यांना निदान मत तरी नसतं! इथं अमेरिकेतल्या आमच्या मंडळात मात्र पाच स्वीकृत मेंबर, पाचही माजी अध्यक्ष, पाचांनाही मत. गणपतीच्या जेवणाचं काम निवडून आलेल्या कमिटीने एका ताईंना दिलं होतं, पाचांनी मिळून फिरवलं. पुरणपोळी आली ती मधोमध बर्फ!

बोरीबंदर: ताई, आमच्याकडे मोदक. दीडशे माणसं, नव्वद मोदक. आणि हिशोब मागितला की "आम्ही वीस वर्षं सतरंज्या उचलल्यात."

निवांत: उचलल्यातच! तुम्ही नऊला येणार, जेवून साडेनऊला पळणार. मीही माजी अध्यक्ष आहे, कळू दे सगळ्यांना.

चकलीताई: तरीच!!

एडिसनकर: अहो मुद्दा काय, चाललंय काय. निवांतराव, ही अक्कल पहिल्यांदा वापरली १९८४ला. उमेदवारीच्या शर्यतीत गॅरी हार्टला मागे सारून मोंडेलना आणलं. किती राज्यं गेली? ४९!

निवांत: बरं, मोंडेलचं घ्या तुम्हाला, फ्रेम करून लावा. पण २०१८ला अधिवेशनातल्या मतदानाच्या पहिल्या फेरीतलं मत काढून घेतलं ना सुपरडेलिगेटांचं? निकाल आधीच पक्का नसेल तर दुसऱ्या फेरीपर्यंत गप्प बसायचं. आता रडताय कशाला?

एडिसनकर: काढून घ्यावं लागलं, यातच आलं.

चकलीताई: आमच्या पाचांचं कधी काढताय? आणि त्या ताईंचे आगाऊ दिलेले पैसे अजून परत गेलेले नाहीत, माजी अध्यक्ष.