मदत हवी आहे: एम५ की ई६३ एस? शुक्रवारपर्यंत ठरवायचंय

अधीर_६०० | मंगळवार, रात्री ११.४२

नमस्कार मंडळी. सरळ मुद्द्यावर येतो. बीएमडब्ल्यूची एम५ कॉम्पिटिशन की मर्सिडीज-एएमजीची ई६३ एस? दोन्ही बघून झाल्या, दोन्ही चालवून झाल्या, आणि डोक्याचं पार भजं झालंय. ऑडीची आरएस७ पण पाहिली. देखणी आहे, पण मनात बसली नाही, त्यामुळे ती सुचवू नका. मायलेज, रीसेल आणि "एवढ्या पैशांत फ्लॅटचं डाऊन पेमेंट झालं असतं" हेही नको, ते घरी रोज ऐकतोय. शुक्रवारी विक्रेत्याला हो-नाही कळवलं नाही तर गाडी दुसरा कोणीतरी घेऊन जाईल. ज्यांनी स्वतः चालवल्यात त्यांनीच बोला.

पिस्टनबुवा | मंगळवार, रात्री ११.५८

ई६३. धागा बंद करा.

बरं, कारण देतो. ४ लिटरचं आठ सिलिंडरचं व्ही८ इंजिन, ६१२ घोडे. घोडे काय, हल्ली सगळ्यांच्याच तबेल्यात असतात. पण टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, ८५० न्यूटनमीटर! एम५ला ७५०. वर इंजिनावर पट्टी असते, ज्या कारागिराने ते जुळवलं त्याची सही असलेली. एक माणूस, एक इंजिन. थंड सकाळी स्टार्ट केली की अख्खी गल्ली उठते. एम५चा आवाज आत स्पीकरमधून येतो, म्हणजे लग्नात बँडऐवजी मोबाईलवर सनई लावल्यासारखं.

मेथीचे_लाडू | बुधवार, सकाळी ७.१०

नवी की जुनी? कोणत्या सालची? किती चाललेली? कुठे राहता? गाडी कुठे उभी करणार? हे कळल्याशिवाय कसलं मत देणार?

घाटमाथा | बुधवार, सकाळी ८.३५

दोन्ही नको. पुण्यात ६०० घोडे म्हणजे विहिरीत पोहायला जहाज आणण्यातला प्रकार. आमच्या सोसायटीच्या गेटपाशी जो स्पीडब्रेकर आहे त्यावर माझ्या साध्या सेडानचं पोट घासतं, या तर जवळपास सरपटणाऱ्या. नवी एम५ नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्याकडे आली ती १.९९ कोटी एक्स-शोरूम. त्यावर महाराष्ट्रात आयात गाडीला २० टक्के रोड टॅक्स. त्याला कमाल मर्यादा आहे म्हणून बरं, तीही २०२५ मध्ये २० लाखांवरून ३० लाख झाली. आणि हे सगळं करून जायचं कुठे? चांदणी चौकापर्यंत पहिल्या गिअरमध्ये. एक दणकट एसयूव्ही घ्या आणि सुखाने जगा.

अधीर_६०० | बुधवार, सकाळी ९.०२

मी पुण्यात नाही हो. आणि नवी एम५ नकोच, ती हायब्रिड झालीय. जुनीच घेतोय, २०१९ची. आता सांगा.

रिंगवेडा | बुधवार, सकाळी ९.४०

नवी नको हे योग्य. ७२७ घोडे आणि १००० न्यूटनमीटर आहेत, पण बॅटरीसकट वजन २.४ टन. ०-१०० ला, म्हणजे थांबलेल्यापासून १०० च्या वेगाला, ३.५ सेकंद, म्हणजे आधीच्यापेक्षा कणभर हळूच.

२०१९ची म्हणजे एफ९० पिढीची एम५. ४.४ लिटर व्ही८, कॉम्पिटिशनला ६२५ घोडे, ०-१०० ३.३ सेकंद. ई६३ एसला ३.४. हा फरक एका शिंकेएवढा आहे, त्यावर गाडी निवडू नका. खरा फरक गिअरबॉक्समध्ये आहे. एम५ला टॉर्क कन्व्हर्टरचा (क्लचऐवजी तेलाच्या प्रवाहातून जोर पोचवणारा) ८ गिअरचा बॉक्स. आधीच्या एफ१० पिढीला ड्युअल क्लच होता, तो त्यांनी सोडून दिला. ई६३ला ९ गिअर, पण कन्व्हर्टरच्या जागी तेलात बुडालेला क्लच. त्यामुळे जोरात असताना ई६३ चाबकासारखी वागते आणि पार्किंगमध्ये इंच इंच सरकताना किंचित हिसके देते. एम५ लोण्यासारखी. सस्पेन्शनही उलटं: ई६३ला एअर, एम५ला साध्या स्टीलच्या स्प्रिंगा आणि अॅडॅप्टिव्ह (गरजेप्रमाणे मऊ-कडक होणारे) डॅम्पर.

आणि बुवा, तुम्ही सांगताय तो आवाज २०१७च्या गाडीचा. २०१८ पासून युरोपात पेट्रोल गाड्यांच्या धुराड्यात काजळी गाळणारा आणि आवाज दाबणारा पार्टिकल फिल्टर आला, तेव्हापासून सगळ्यांचीच सर्दी झालीय.

पिस्टनबुवा | बुधवार, सकाळी १०.१५

सर्दी झालेला भीमसेनसुद्धा आपल्या गल्लीतल्या गायकापेक्षा बरा. आणि जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकचं नाव घेता तर ऐका, एएमजीच्या चारदारी जीटी ६३ एसने पोर्शेच्या पानामेराला तिथे हरवलंय. चार दारांच्या गाड्यांत कोण पुढे ते तिथेच कळलं.

रिंगवेडा | बुधवार, सकाळी १०.३१

मी रिंगचं नाव घेतलंच नव्हतं, फक्त माझं टोपणनाव तसं आहे. पण आता काढलंच आहे तर नीट बोला. २०२० मध्ये पानामेरा टर्बो एसने ७ मिनिटं २९.८१ सेकंद लावली, पूर्ण २०.८३२ किलोमीटरच्या फेरीत. त्याच वर्षी जीटी ६३ एसने तेवढ्याच फेरीत ७:२७.८ केले. लोक मात्र ७:२३ चा आकडा फेकतात, तो जुन्या २०.६ किलोमीटरच्या मापाचा आहे. दोनशे मीटर कमी मोजून पाच सेकंद वाचवायचे! हे म्हणजे दूध घालताना मापात अंगठा बुडवणं.

पिस्टनबुवा | बुधवार, सकाळी १०.३४

म्हणजे हरवलंच ना?

रिंगवेडा | बुधवार, सकाळी १०.३६

दोन सेकंदांनी. सहाने नाही.

मेथीचे_लाडू | बुधवार, सकाळी ११.२०

आणि ती ना एम५ आहे, ना ई६३. अधीर, तुम्ही नक्की राहता कुठे?

अधीर_६०० | बुधवार, दुपारी १.०५

जर्मनीत, बोब्लिंगेनला, स्टुटगार्टच्या जवळ. मला वाटलं मी लिहिलंय. एम५ ६२ हजार युरोला मिळतेय, ५४ हजार किलोमीटर चाललेली. ई६३ दोन हजारांनी महाग. वीकएंडला ए८१ ऑटोबानने (महामार्गाने) हेरेनबर्गच्या पुढे सिंगेनकडे जातो, तिथे बराच रस्ता वेगमर्यादेशिवायचा आहे. रोजच्या ऑफिसला ट्रेन. आता तरी मूळ प्रश्नाचं उत्तर द्या, दोनच दिवस उरलेत.

घाटमाथा | बुधवार, दुपारी १.२२

जर्मनी! मग मी बिचारा सकाळपासून कुणासाठी स्पीडब्रेकर मोजत बसलो? पण एक सांगा, परत येताना ही गाडी पुण्यात आणता येईल का? माझ्या मेव्हण्यालाही हाच प्रश्न आहे.

मेथीचे_लाडू | बुधवार, दुपारी १.५०

@घाटमाथा, नाही. भारतात नोंदणीसाठी स्टिअरिंग उजवीकडे लागतं आणि जुनी गाडी तीन वर्षांपेक्षा जास्त वयाची चालत नाही. ही दोन्हीकडे नापास. मेव्हण्यांना गाडी तिथेच विकायला सांगा.

@अधीर, मी म्युनिकला असते. आमच्याकडे साधी स्टेशन वॅगन आहे, त्यामुळे ६०० घोड्यांबद्दल मी बोलत नाही. पण पैसे देण्याआधी तीन गोष्टी. एक, विम्याचा आकडा आधी काढा. तुमचा विनाअपघात वर्षांचा वर्ग कितवा आहे आणि बायको चालवणार का, यावर हप्ता दुप्पट होऊ शकतो. आम्ही इथे आलो त्या वर्षीचा आमचा हप्ता बघून नवऱ्याने दोन दिवस बसने प्रवास केला होता. दोन, हिवाळी टायरचा संच सोबत मिळतोय का? एम५ला पुढे २७५ आणि मागे २८५ रुंदीचे २० इंची टायर असतात, संच वेगळा घ्यायला गेलात तर डोळे पांढरे होतील. सिरॅमिक ब्रेक असतील तर डिस्क किती झिजल्यात ते लेखी मागा. तीन, पार्किंग. दुसऱ्यांदा विचारतेय.

विजेरी | बुधवार, दुपारी २.१८

२०२५ नंतर व्ही८ घेणारे लोक बघून आश्चर्य वाटतं. टेस्लाची विजेवरची मॉडेल एस प्लेड घ्या, १०२० घोडे, दोन सेकंदांच्या थोडंसंच वर ०-१००. तुमच्या दोन्ही गाड्या आरशात टिकलीएवढ्या दिसतील.

रिंगवेडा | बुधवार, दुपारी २.२५

सिंगेनकडे जाताना २२० ने अर्धा तास चालवा आणि मग आम्हाला चार्जिंग स्टेशनवरून फोटो पाठवा. सिग्नलपासून सिग्नलपर्यंत जिंकणं ही वेगळी कला आहे.

विजेरी | बुधवार, दुपारी २.३१

२२० ने एम५ पण १०० किलोमीटरला २० लिटर पिते, दर दीड तासाला पंपावर उभे राहाल. मग फोटो कुणाचे येतील?

कंटेसावाले_काका | बुधवार, दुपारी ४.००

तुमची चर्चा वाचून मौज वाटली. आमच्या काळी स्पोर्ट्स सेडान म्हणजे १.८ लिटर इसुझू इंजिनाची कंटेसा. खंबाटकी घाटात पद्मिन्या बॉनेट उघडून रांगेत उभ्या, आणि आमची पांढरी कंटेसा तिसऱ्या गिअरमध्ये त्यांच्या शेजारून वर. मागच्या सीटवर चौघं, मांडीवर साताऱ्याचे कंदी पेढे. ०-१०० कुणी मोजलं नाही, कारण १०० कधी झालेच नाहीत.

बाकी मर्सिडीज म्हणाल तर १९९० ची ५०० ई बघा. नाव मर्सिडीजचं, पण फुगीर चाककमानींमुळे ती त्यांच्या स्वतःच्या असेंब्ली लाइनवर बसेना, म्हणून जुळवायला पोर्शेच्या झुफेनहाउझेनच्या कारखान्यात पाठवायचे. तुमच्या घरापासून तो कारखाना फार लांब नसावा. एकदा जाऊन या.

तांबडी_जुलिया | बुधवार, संध्याकाळी ५.१२

कुणीच विचारलं नाही तरी सांगते. अल्फा रोमिओची जुलिया क्वाड्रिफोलियो. २.९ लिटर व्ही६, ५१० घोडे, फक्त मागची चाकं ओढतात. वेग ३०७. त्या दोन जर्मन गाड्या तुमच्यासाठी सगळं करतात, ही तुम्हाला काहीतरी करायला लावते. स्टिअरिंग इतकं चपळ आहे की पहिल्या दिवशी शिंकलात तरी लेन बदलेल. दिसायचं म्हणाल तर त्या दोन बोर्डरूममधून आलेल्या, ही लग्नाच्या वरातीत सगळ्यांनी वळून बघावी अशी.

पिस्टनबुवा | बुधवार, संध्याकाळी ५.२०

आणि वरातीत मध्येच बंद पडावी अशी. :)

तांबडी_जुलिया | बुधवार, संध्याकाळी ५.२४

चार वर्षं, ७१ हजार किलोमीटर, एकदा बॅटरी बदलली. तुमची ई६३ कितवी?

पिस्टनबुवा | बुधवार, संध्याकाळी ५.४१

माझी स्वतःची नाही. मित्राची चालवलीय. दोनदा.

गप्पगुमान | बुधवार, संध्याकाळी ५.४२

:D

रिंगवेडा | बुधवार, संध्याकाळी ६.३०

अधीर, निकाल देतो. दोन्ही गाड्यांना फोर व्हील ड्राइव्ह आहे आणि दोन्हींत पुढच्या चाकांना जाणारा जोर पूर्ण तोडता येतो. एम५ला ते करायचं तर गाडी घसरण्यापासून सावरणारा स्टॅबिलिटी कंट्रोल पूर्ण बंद करावा लागतो, ई६३ला त्यासाठी ड्रिफ्ट मोड. हे ऑटोबानवर करू नका. लांबच्या सरळ रस्त्याला ई६३ची सीट, एअर सस्पेन्शन आणि इंजिन हळू फिरतानाच मिळणारा टॉर्क. वळणावर आणि रोजच्या सरकण्याला एम५. वेगमर्यादा वाढवणाऱ्या पॅकेजसह एम५ ३०५, ई६३ एस ३००. मी एम५ घेईन. वर्ग संपला.

अधीर_६०० | बुधवार, रात्री ९.१५

धन्यवाद रिंगवेडा, हेच हवं होतं. एम५ जवळपास ठरली.

@मेथीचे_लाडू, विमा काढला, जड आहे पण झेपेल. हिवाळी टायर सोबत देतोय. पार्किंगची काळजी नको, बिल्डिंगच्या तळघरात स्वतःची जागा आहे. ती दुमजली लिफ्टवाली, एक गाडी वर, एक खाली. माझी वरची.

मेथीचे_लाडू | बुधवार, रात्री ९.२१

थांबा. अजून काही कळवू नका. खाली जा, लिफ्टच्या बटणांशेजारी पट्टी असेल, ती वाचून इथे लिहा.

अधीर_६०० | बुधवार, रात्री ९.४४

आलो. उंची १.५० मीटर, रुंदी १.९० मीटर, वजन २००० किलो, एका चाकावर ५०० किलो. एम५ दोन टनांच्या आतच आहे ना?

रिंगवेडा | बुधवार, रात्री ९.५८

अरे देवा. चालकासकट १९४० च्या आसपास. एकूण वजनात बसते. पण व्ही८ पुढे आहे. पुढच्या अॅक्सलवर ५४ टक्के धरा, म्हणजे १०४८ किलो, एका चाकावर ५२४. पट्टी म्हणते ५००. रुंदी आरशांशिवाय १.९०३. ई६३ त्याहूनही चार मिलिमीटर रुंद आणि थोडी जडच.

पिस्टनबुवा | बुधवार, रात्री १०.०३

२४ किलोने काय होतंय? ते लोक मापात भरपूर सूट ठेवतात. आणि तीन मिलिमीटर म्हणजे रंगाचा थर.

मेथीचे_लाडू | बुधवार, रात्री १०.१०

बुवा, खाली शेजाऱ्याची गाडी असते. काही झालं तर विमा कंपनी पहिल्यांदा ती पट्टी वाचेल. अधीर, उद्या बिल्डिंग सांभाळणाऱ्या हाउसमाइस्टरला गाडीच्या कागदावरचं वजन दाखवा आणि लेखी विचारा. तोंडी "चालेल" घेऊ नका. खालचा मजला किंवा बाहेर एखादी जागा भाड्याने मिळते का तेही बघा.

अधीर_६०० | बुधवार, रात्री १०.२६

इतकी वर्षं तिथे ऑक्टाविया उभी राहिली, ती पट्टी कधी वाचलीच नव्हती. बाहेर जागेसाठी वेटिंग लिस्ट आहे, मागच्या वर्षी चौकशी केली होती. विक्रेत्याला सोमवारपर्यंत मुदत मागतो. आता माझ्या लिफ्टमध्ये बसेल असं ५०० घोड्यांच्या वर काही आहे का?

तांबडी_जुलिया | बुधवार, रात्री १०.२९

रुंदी १.८७३. वजन १७०० किलोच्या आसपास. घोडे ५१०.

मी काहीच बोलत नाही.

रिंगवेडा | बुधवार, रात्री १०.४०

चाकामागचं गणित इथेही करा, पण बसावी. पुढे-मागे वजन जवळपास निम्मं निम्मं आहे. म्हणजे ४२५. हे लिहिताना मला आनंद होत नाहीये.

कंटेसावाले_काका | बुधवार, रात्री १०.५५

कंटेसाही बसली असती.

घाटमाथा | बुधवार, रात्री ११.०२

ऑक्टाविया विकणार आहात का? मेव्हणा तिकडेच कार्ल्सरुहेला आहे, त्याला हवीय. साल कोणतं? डिझेल की पेट्रोल? किती चाललीय?