जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट दर वेळी अर्ध्यात अडकतंय

धागाकर्ता:
२००९ चा लॅपटॉप. कोअर टू ड्युओ, रॅम ४ जीबी (२+२), हार्ड डिस्क मूळचीच. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ११ यावर चालत नाही, म्हणून लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकायला घेतली. पेनड्राइव्हवरून लाइव्ह (इन्स्टॉल न करता) छान चालतं, वायफायसकट. इन्स्टॉल करताना मात्र फायली कॉपी होता होता सगळं गोठतं. परवा निम्म्यावर, काल अगदी शेवटी, आज सुरुवातीलाच. दुसरं काही हलकं सुचवा. की भंगारात काढू?

प्रतिसाद १:
३२ बिट आवृत्ती टाका. जुन्या मशीनला तेच झेपतं.

प्रतिसाद २:
असहमत. कोअर टू ड्युओ ६४ बिटच आहे, आणि डेबियन या दुसऱ्या लिनक्सनेही आवृत्ती १३ पासून ३२ बिटचा इन्स्टॉलर बंद केलाय. डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) बदलून काही साधणार नाही.

मला खटकलं ते हे, की अडकण्याची जागा रोज बदलतेय. आयएसओ (डाउनलोड केलेली इन्स्टॉलची फाइल) खराब असती तर बहुधा एकाच फायलीपाशी ठेच लागली असती. जागा बदलते तेव्हा माझा पहिला संशय रॅमवर. लाइव्ह चालतं यावर जाऊ नका. कॉपी करताना रिकामी रॅम कॅशेसाठी (फायली तात्पुरत्या ठेवायला) भरत जाते, तेव्हा कुठे खराब कोपरा सापडतो.

तरी आधी आयएसओचा एसएचए२५६ (फाइल तंतोतंत उतरली का ते सांगणारा कोड) जुळवून घ्या. मग मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर चालू ठेवा. एक जरी एरर आला तरी रॅम नापास, 'दोनच तर एरर आहेत' म्हणायचं नाही. टेस्ट स्वच्छ निघाली तर डिस्कच्या स्मार्ट रिपोर्टमध्ये (डिस्कच्या तब्येतीची नोंद) रिअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर (खराब म्हणून बदललेले आणि संशयित भाग) बघा.

प्रतिसाद ३:
बायोसची तारीखही तपासा. मागे गेली असेल तर पुढे अपडेट घेताना सर्टिफिकेट एरर येतील. घड्याळ चालवणारा सीआर२०३२ सेल बदलला की झालं.

धागाकर्ता:
एसएचए जुळला. मेमटेस्टमध्ये वीस मिनिटांत लाल ओळींची रांग! बॅटरी काढून मागचं झाकण उघडलं, रॅमची एक स्टिक काढली, तरी लाल. उरलेली काढून तिच्या जागी पहिली बसवली, रात्रभरात एररचा आकडा शून्य. खराब स्टिकच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासूनही पाहिल्या, लाल ती लालच. चांगल्या स्टिकवर मिंट एका दमात चढलं. पण चार टॅब उघडले की डिस्क करकरायला लागते.

प्रतिसाद २:
करकरणारच, आता उरलेली २ जीबी रॅम ही मिंटची किमान अट आहे; ती भरली की डिस्कवर भार येतो. नवी स्टिक घेण्याआधी जुनीवरचं स्टिकर वाचा. त्या काळात डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोन्ही प्रकारच्या रॅम चालायच्या, आणि एकीची खाच दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही.