मदत हवी आहे : मोटरसायकलच्या घरगुती देखभालीसाठी परवडणारी हत्यारे निवडताना पैसे कुठे घालावेत आणि कुठे वाचवावेत?

नमस्कार,

माझी मोटरसायकल एक सिलिंडरची आणि चेनवर चालणारी आहे. पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक आहे. तिची नेहमीची देखभाल यापुढे स्वतः करायची असे ठरवले आहे. इंजिन उघडण्याचा विचार नाही. ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलणे, चेन साफ करून तिचा ताण योग्य ठेवणे, स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर पाहणे, क्लचची केबल, ब्रेक पॅड, बॅटरी, आणि हात बसल्यावर टॅपेट (इंजिनाच्या झडपांजवळची फट), एवढीच कामे डोळ्यांसमोर आहेत. गाडीचे सर्व्हिस मॅन्युअल मिळवून वाचले आहे. आता प्रश्न हत्यारांचा आहे. हाताशी पैसे मोजके असल्यामुळे जे घेईन ते एकदाच आणि विचारपूर्वक घ्यायचे आहे. म्हणून माझा आजवरचा विचार सविस्तर मांडतो. तो कुठे चुकतो आहे ते जाणकारांनी दाखवून द्यावे, ही विनंती.

पहिला मोह होतो तो शंभर-दीडशे नगांच्या मोठ्या पेटीचा. एका नगाची किंमत काढली तर ती स्वस्त वाटते, पण आतले नग मोजायला बसलो की निम्म्याहून अधिक स्क्रूड्रायव्हरचे बिट आणि मोटारीला लागणारी मोठी सॉकेट (बोल्टच्या डोक्यावर बसणाऱ्या वाट्या) निघतात. मॅन्युअल शेजारी ठेवून मी गाडीवरच्या नट-बोल्टांची यादी केली, तेव्हा ८, १०, १२, १४ आणि १७ मिमी या पाच मापांतच बहुतेक काम उरकते असे दिसले. त्यांखेरीज ४, ५, ६ आणि ८ मिमीच्या ॲलन की, प्लगचा पाना आणि मागच्या ॲक्सलच्या नटाचे एक मोठे सॉकेट. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. जपानी पद्धतीच्या गाड्यांवर ८ मिमी जाडीच्या बोल्टचे डोके साधारणपणे १२ मिमीचे आणि १० मिमी जाडीच्या बोल्टचे १४ मिमीचे असते, तर युरोपीय पद्धतीत तीच डोकी बहुधा १३ आणि १६ किंवा १७ मिमीची असतात. त्यामुळे पेटी कितीही मोठी असली, तरी आपल्या गाडीची मापे तिच्यात आहेत का, हे आधी पाहणे भाग आहे. माझा कल मोठी पेटी टाळून सुटी सॉकेट आणि सुटे रिंग पाने घेण्याकडे आहे.

सॉकेट सहा कोनांचे घ्यायचे हे मात्र पक्के आहे. बारा कोनांचे सॉकेट अडचणीच्या जागी बसवायला सोपे असते, पण त्याचा जोर बोल्टच्या कोपऱ्यांवर येतो आणि गंजलेल्या किंवा थोड्या झिजलेल्या बोल्टचे डोके गोल होण्याची भीती वाढते. हाताने वापरायच्या सॉकेटला क्रोम व्हॅनेडियम पोलाद पुरेसे आहे. इम्पॅक्ट गनसाठीची काळी, जाड भिंतीची सॉकेट या कामाला लागत नाहीत, उलट चिंचोळ्या जागेत ती शिरतच नाहीत. रॅचेटच्या (सॉकेट फिरवणाऱ्या दातेरी दांड्याच्या) चौकोनाबद्दल, म्हणजे सॉकेट ज्यावर बसते त्या टोकाच्या मापाबद्दल, अजून द्विधा आहे. पाव इंची रॅचेट ६ मिमी जाडीच्या बोल्टांना योग्य, ३/८ इंची मधल्या सगळ्या कामांना, आणि ॲक्सलच्या नटाला अर्धा इंची. तिन्ही घेणे परवडणार नाही. ३/८ इंची रॅचेट चांगल्या प्रतीची घ्यावी आणि ॲक्सलसाठी अर्धा इंची साधा लांब दांडा घ्यावा, असे मनात आहे. रॅचेटचे आतले दात स्वस्त मालात जोर लागताच घसरतात आणि हात थेट इंजिनाच्या फिन्सवर आदळतो. साध्या दांड्यात फिरणारे काही नसल्यामुळे तिथे स्वस्त वस्तू चालून जावी.

ज्या हत्याराकडे सगळे जण दुर्लक्ष करतात आणि ज्यावर माझ्या मते पहिला पैसा खर्च व्हावा, ते म्हणजे क्रॉस स्क्रूड्रायव्हर. पुढच्या ब्रेक लिव्हरजवळ ब्रेक फ्लुइडची जी छोटी टाकी असते, तिच्या झाकणावर दोन स्क्रू असतात. त्यांची डोकी झाकणात बुडालेली असतात, धातू मऊ असतो आणि पावसापाण्याने ते जाम झालेले असतात. नेहमीच्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरचे टोक अशा खाचेच्या तळापर्यंत पोहोचत नाही. जोर लावला की ते वर सटकते, खाचेच्या कडेचा चकचकीत कीस निघतो, आणि पुढच्या वेळेस खाचेऐवजी गोल खड्डाच शिल्लक राहतो. डोके बुडालेले असल्यामुळे पक्कड लावायलाही जागा नसते, मग ड्रिलशिवाय गत्यंतर नाही. जपानी पद्धतीच्या गाड्यांवरचे असे स्क्रू जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) प्रमाणाचे असतात आणि पुष्कळदा त्यांच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो. त्यांच्यासाठी जेआयएस टोकाचे स्क्रूड्रायव्हर वेगळे मिळतात. दोन क्रमांकाचा एक आणि तीन क्रमांकाचा एक, एवढे दोन घेतले तर पुरतील का? आणि ज्याच्या मुठीवर हातोडीने ठोकले की टोक किंचित फिरते, असा इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हर अशा जाम स्क्रूंसाठी सोबत घ्यावाच, की तो नाजूक झाकणाला धोक्याचा ठरेल?

खरी अडचण टॉर्क रेंचची, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळण्यासाठीच्या पान्याची आहे. ६ मिमीच्या बोल्टला साधारणपणे १० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचे असते. १५ सेंमी लांबीच्या पान्यावर हा जोर जेमतेम ७ किलोचा होतो, म्हणजे मनगटाने सहज ओलांडता येईल इतका. असे बोल्ट ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये बसत असल्यामुळे बोल्ट तुटण्याआधी केसिंगचे आटे जातात, आणि तो खर्च कुठल्याही हत्याराच्या किमतीपेक्षा मोठा असतो. ऑइलच्या ड्रेन बोल्टचा आकडा बहुतेक गाड्यांत २० ते ३० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, तर १० मिमी आट्यांचा स्पार्क प्लग १० ते १२ वरच थांबवावा लागतो. दुसऱ्या टोकाला ॲक्सलचा नट ६० किंवा त्याहून अधिक मागतो.

एकाच रेंचने हे सगळे साधत नाही. ठरलेला जोर येताच क्लिक होणाऱ्या रेंचची अचूकता सहसा तिच्या कमाल मापाच्या पाचव्या हिश्श्यापासून वरच गृहीत धरतात. १०० न्यूटन-मीटरच्या रेंचवर २० च्या खालचा आकडा लावून भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. मग दोन पर्याय उरतात. एक तर ५ ते २५ च्या पट्ट्यातली छोटी, चांगली रेंच घ्यायची आणि ॲक्सलसाठी काट्याची जुन्या पद्धतीची साधी रेंच वापरायची, जिच्यात स्प्रिंगची यंत्रणा नसते आणि जी वर्षानुवर्षे फारशी बिघडत नाही, मात्र काटा अगदी समोरून पाहावा लागतो. किंवा मधल्या मापाची एकच क्लिक रेंच घेऊन ६ मिमीचे बोल्ट छोट्या पान्याने अंदाजाने आवळायचे. माझे मन पहिल्या पर्यायाकडे झुकते, कारण नुकसान होते ते लहान बोल्टांचेच. ज्यांनी दोन्ही प्रकार दीर्घकाळ वापरले आहेत, त्यांनी यावर स्पष्ट मत द्यावे. स्वस्त क्लिक रेंच काम झाल्यावर सर्वात खालच्या खुणेवर आणून ठेवली तर किती वर्षे खरी राहते, हेही अनुभवाने सांगावे.

चेनसाठी मागचे चाक हवेत फिरायला हवे आणि माझ्या गाडीला मधले स्टँड नाही. पॅडॉक स्टँड (चाक जमिनीवरून उचलून धरणारा सुटा स्टँड) घ्यायचा तर वेल्डिंग आणि पायाची रुंदी पाहूनच घ्यावा असे वाटते, कारण गाडी अंगावर कलंडण्याचा प्रश्न आहे. इथे काटकसर करू नये, हे मला पटलेले आहे. तरीही स्टँड न घेता गाडी थोडी थोडी पुढे ढकलत चेनचा झोल मोजणे आणि साफसफाई करणे ज्यांना जमले आहे, त्यांनी ती रीत जरूर लिहावी. झोल चेनच्या प्रत्येक भागात सारखा नसतो, म्हणून तो निरनिराळ्या जागी मोजावाच लागतो.

बाकीच्या वस्तूंत स्वस्त माल चालेल असा माझा अंदाज आहे : ऑइलचे घमेले, नरसाळे, रबरी हातोडी, ब्रश, साधा मल्टिमीटर. बॅटरी उभ्या गाडीत साडेबारा व्होल्टच्या वर आहे का आणि इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास जाते का, एवढे पाहायला महागडा मीटर लागत नाही. फीलर गेजच्या (फट मोजायच्या पातळ पात्यांच्या संचाच्या) बाबतीत किमतीपेक्षा पात्यांची मापे महत्त्वाची आहेत. मोटारीसाठीच्या संचांत ०.०५ मिमीच्या टप्प्याने पात्या असतात आणि मॅन्युअल ०.०८ मिमी मागत असेल तर तो संच निरुपयोगी ठरतो.

शेवटचा प्रश्न जुन्या हत्यारांविषयी. चांगल्या प्रतीचे वापरलेले पाने नव्या हलक्या मालापेक्षा कमी किमतीत मिळू शकतात. रिंग पाना असेल तर आतले कोन झिजले आहेत का आणि फिक्स पाना असेल तर जबडा फाकला आहे का, हे नव्या बोल्टवर बसवून पाहता येते. पण जुनी टॉर्क रेंच घेणे शहाणपणाचे आहे का, आणि ती खरी आकडे दाखवते की नाही हे घरच्या घरी ताणकाटा किंवा वजन टांगून तपासण्याची जी पद्धत सांगितली जाते, ती कुणी प्रत्यक्ष वापरली आहे का? दांड्यावर ठरावीक अंतरावर खूण करून तिथे वजन लावले की जोराचा हिशेब निघतो, हे समजते. रेंचचे स्वतःचे वजन त्यात कसे धरायचे, तिथे अडलो आहे.