पेट्या वर्गात गेल्या, पण निवड हरवू नये

शाळेच्या ग्रंथालयाची खोली परीक्षेसाठी किंवा दुरुस्तीसाठी गेली की पुस्तकांच्या पेट्या वर्गावर्गात फिरवाव्यात, असं काही जण सुचवतात आणि ते मला पटतं. पण एक गोष्ट मनाला लागून राहते. पेटीत काय भरायचं हे मोठी माणसंच ठरवतात आणि मुलांची स्वतः शोधण्याची संधी जाते. कपाटापुढे रेंगाळताना भलतंच पुस्तक हाताला लागणं, वाचनाची गोडी बऱ्याचदा तिथेच लागते.

म्हणून पेटीसोबत मागणीच्या कोऱ्या चिठ्ठ्या ठेवा. नाव आठवत नसेल तर 'समुद्रातल्या प्राण्यांचं काहीतरी' एवढं लिहिलं तरी पुरे. आलेल्या मागण्या दुसऱ्या दिवशीच पोचवायच्या; आठवडा गेला की उत्साह ओसरतो. भारतीय ग्रंथालयतज्ज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांत वाचकाचा वेळ वाचवणं हाही एक नियम आहे, तो इथे अक्षरशः लागू पडतो. पुस्तकं कणा वर करून कोंबू नका, मुखपृष्ठं दिसू द्या. पेट्या दर पंधरा दिवसांनी बदला. नोंदीला साधी वही चालते.

आणि मधल्या सुट्टीत ग्रंथालयात येऊन बसणारी ती चार-पाच मुलं? त्यांना पुस्तकाइतकीच शांत जागेची गरज असते. जिन्याखालचा कोपरा, रिकामा वर्ग, काहीही चालेल, पण रोज तीच जागा आणि तिथे ओळखीचं एक मोठं माणूस हवं. माझ्या मते पेट्यांच्याही आधी ही सोय करावी.