जुने ख्रिस्ती आध्यात्मिक ग्रंथ एकत्र वाचायचे आहेत. सुरुवात कशी करावी?

शांतवाचक

आमच्यापैकी काही जणांनी नियमितपणे एकत्र बसून ख्रिस्ती परंपरेतील जुने आध्यात्मिक ग्रंथ वाचायचे ठरवले आहे. गटात कॅथलिक आहेत, प्रोटेस्टंट आहेत आणि कोणत्याही मंडळीचे सदस्य नसलेले, केवळ जिज्ञासेने येणारेही आहेत. पहिला ग्रंथ म्हणून संत ऑगस्टीनचे ‘कन्फेशन्स’ घ्यावे अशी सूचना आली आहे. ठरलेला भाग घरी वाचून यावा आणि बैठकीत केवळ चर्चा करावी, की वाचनही तेथेच व्हावे, यावर एकमत होत नाही. शिवाय पंथभेदाची स्थळे आली की काय करावे, हा प्रश्न आहेच. ज्यांनी असे वाचन चालवले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुनीपोथी

वाचन तेथेच आणि मोठ्याने व्हावे, असे माझे स्पष्ट मत आहे. यातील बरेचसे लेखन मुळात ऐकण्यासाठीच होते. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या मठनियमाचा 42वा अध्याय पाहा: सायंभोजनानंतर सर्वांनी एकत्र बसावे आणि एकाने कॅसियन या आधीच्या मठवासी लेखकाची ‘संभाषणे’ किंवा तपस्व्यांची चरित्रे वाचावीत, चार-पाच पाने किंवा वेळ असेल तेवढी. त्या वेळी बायबलमधील पहिली सात पुस्तके आणि राजांची पुस्तके मात्र वाचू नयेत, कारण दुर्बळ मनांना त्या घटकेला ती मानवणार नाहीत, ती इतर वेळी वाचावीत, असेही तो सांगतो. केव्हा काय वाचावे याचा इतका बारीक विचार आजच्या वाचनगटांत क्वचितच होतो.

‘कन्फेशन्स’बद्दल एक सावधगिरीची सूचना. हा ग्रंथ साधारण 397 ते 400 या काळात लिहिला गेला आणि त्याचे 13 भाग आहेत. पहिले नऊ भाग आत्मकथनाचे असल्यामुळे गट उत्साहाने पुढे जातो. दहाव्यात स्मृतीची दीर्घ चिकित्सा सुरू होते, अकराव्यात काळाचे स्वरूप आणि बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायाचे विवरण येते, आणि तेथे उपस्थिती रोडावते. म्हणून नवव्या भागाअखेर, म्हणजे आई मोनिकाच्या मृत्यूनंतर, थांबण्याचे आधीच ठरवावे. ज्यांना पुढे जायचे असेल त्यांनी नंतर जावे. मोठ्याने वाचले की आणखी एक गोष्ट जाणवते: संपूर्ण ग्रंथ देवाला उद्देशून आहे, आपण केवळ शेजारी बसून ती प्रार्थना ऐकत असतो.

खरे तर पहिल्या ग्रंथासाठी मी ब्रदर लॉरेन्स सुचवेन. पॅरिसमधील कार्मेलाइट या कॅथलिक संन्यासी संघाच्या मठाच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या या बंधूची (मृत्यू 1691) पत्रे आणि त्याच्याशी झालेली संभाषणे त्याच्या मृत्यूनंतर संकलित झाली. पत्रे लहान आहेत, एका बैठकीत एक सहज पुरते, आणि मागची बैठक चुकलेल्यालाही अडचण येत नाही.

पानोपानी

वरील उत्तरातील बेनेडिक्टचा दाखला सुंदर आहे, पण अपुरा आहे. त्याच नियमाच्या 38व्या अध्यायात भोजनाच्या वेळी चालणाऱ्या वाचनाबद्दल, किंवा अन्य कशाबद्दलही, त्या वेळी कोणी प्रश्न विचारू नये, असे बजावले आहे. मठात ते योग्यच असेल. पण विविध पार्श्वभूमीच्या लोकांचा गट केवळ ऐकून उठला, तर सर्वांनी मान डोलावली एवढेच होईल. थॉमस अ केम्पिसच्या नावाने ओळखला जाणारा पंधराव्या शतकातील ‘ख्रिस्तानुकरण’ घ्या. तो मठवासीयांसाठी लिहिलेला आहे आणि माणसांचा सहवास टाळण्याचा, जगाला तुच्छ लेखण्याचा उपदेश वारंवार करतो. घरसंसार आणि नोकरी असलेल्या वाचकाला हे खटकलेच पाहिजे, आणि ते मोकळेपणाने बोलून दाखवता आले पाहिजे. त्यासाठी घरी एकदा वाचून, खटकलेल्या ओळीवर खूण करून येणे आवश्यक आहे. बैठकीत त्यातील एखादा उतारा पुन्हा मोठ्याने वाचावा, याला माझा विरोध नाही.

पंथभेदाबद्दल म्हणाल, तर हाच ग्रंथ उत्तम कसोटी ठरेल. त्याचा चौथा भाग पवित्र मिस्सातील (कॅथलिक उपासनेतील) ख्रिस्तशरीराच्या संस्काराविषयी आहे आणि अनेक प्रोटेस्टंट आवृत्त्यांनी तो गाळला होता. तरीही पहिले तीन भाग दोन्ही बाजूंनी आवडीने वाचले गेले. मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने 1735 मध्ये या ग्रंथाची आपली आवृत्ती प्रसिद्ध केली. माझ्या मते चौथा भाग गाळू नये. कॅथलिक सदस्यांनी तो आपल्याला काय देतो हे सांगावे, इतरांनी ऐकावे, आणि त्या दिवशी कोणी कोणाचे मतपरिवर्तन करायला बसू नये.

शांतवाचक

दोन्ही उत्तरांबद्दल आभार. प्रत्येक बैठकीचा उतारा आधी कळवावा आणि बैठकीत तोच मोठ्याने वाचून मग बोलावे, असा मध्यम मार्ग सध्या सुचतो आहे. एक नवी अडचण मात्र उभी राहिली आहे. एक सदस्य दीर्घकाळ खिन्न मनःस्थितीत आहेत आणि क्रूसाचा संत योहान याचे ‘काळोखी रात्र’ घ्यावे असा त्यांचा आग्रह आहे. घ्यावे का?

ओसरीवर

आरंभी घेऊ नये. सोळाव्या शतकातील हा ग्रंथ कार्मेलाइट संन्यासी योहानच्याच कवितेवरील भाष्य आहे आणि प्रार्थनेत बराच पल्ला गाठलेल्यांना गृहीत धरतो. नुसते शीर्षक ऐकून प्रत्येक दुःखाला ‘काळोखी रात्र’ म्हणण्याची जी सवय पडली आहे, ती लेखकाला मान्य झाली नसती. पहिल्या भागाच्या नवव्या अध्यायात तो तीन खुणा देतो: देवाच्या गोष्टींत गोडी उरत नाही तशीच सृष्टीतील कशातही उरत नाही, तरीही आपण देवाची सेवा करत नाही ही तळमळ कायम राहते, आणि पूर्वीसारखे मनन करताच येत नाही. तेथेच तो विषण्णतेसारख्या शारीरिक प्रकृतीमुळेही असा कोरडेपणा येऊ शकतो, असे नमूद करतो. म्हणजे हा फरक करणे त्यालाही आवश्यक वाटत होते, आणि तो करण्याचे काम वाचनगटाचे नाही. त्या सदस्यांना वैद्यकीय सल्ल्याची गरज असेल तर कोणीतरी एकट्याने, आपुलकीने त्यांच्याशी बोलावे. गटासमोर हा विषय काढू नये.

त्यांना कार्मेलाइट परंपरेचीच ओढ असेल तर आविलाची संत तेरेसा हिचा 1577 मधील ‘आंतरिक किल्ला’ अधिक जवळचा वाटेल. तिने तो आपल्या मठातील भगिनींसाठी लिहिला, त्यामुळे भाषा बोलकी आहे. मध्येच विषय सोडून ती भरकटते आणि तसे कबूलही करते. आत्म्याला किल्ला कल्पून तिने ग्रंथाची सात ‘दालने’ केली आहेत; त्यांपैकी पहिल्या तीन दालनांपुरते वाचन ठेवले तरी बराच काळ पुरेल.

बैठक चालवणारा धर्मगुरू किंवा पाळक असण्याची गरज नाही, पण वाचणारा आधीच नेमलेला असावा आणि त्याने उतारा घरी एकदा मोठ्याने वाचून पाहिलेला असावा, कारण ऑगस्टीनची लांब वाक्ये अडखळत वाचली तर ऐकणाऱ्याला अर्थ लागत नाही.