स्मृतिनिधी : चषकांआधी गणवेश आणि गाद्या
दिवंगत प्रशिक्षकांच्या नावे जमलेल्या निधीतून दरवर्षी ज्युदो स्पर्धा भरवावी, या सूचनेमागील भावना मला मान्य आहे. मात्र दापोली-गुहागरकडील मुलांची अडचण स्पर्धेच्या बरीच आधी सुरू होते. ज्युदोचा जाड सुती गणवेश आषाढात दोन-दोन दिवस वाळत नाही, त्यामुळे एकच गणवेश असलेला मुलगा एक तर तो ओलाच अंगावर चढवतो किंवा घरी बसतो. खाऱ्या, दमट हवेत गाद्यांना बुरशी धरते ती वेगळीच, आणि या खेळात पहिले धडे पडण्याचेच असल्याने बुळबुळीत गादी धोक्याची ठरते. म्हणून व्याजाची रक्कम आधी दुसरा गणवेश, गाद्या, एसटीचा पास आणि ज्युदोतील श्रेणी दाखवणाऱ्या रंगीत पट्ट्यांच्या परीक्षांचे शुल्क यांवर खर्च व्हावी. (चषक आमच्या माळ्यावर धूळ खात पडले आहेतच.) निधी कायमस्वरूपी ठेवायचा असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली त्याची नोंदणी करावी, म्हणजे हिशेबांची तपासणी बंधनकारक होईल आणि देणगीदारही विश्वस्तांना जाब विचारू शकतील. मुलींच्या तुकडीसाठी महिला प्रशिक्षकाचे मानधन मात्र पहिल्याच वर्षी बाजूला काढून ठेवावे.